अण्णांचं क्लचचं तेल

"आणि मिक्सर? तोही तुम्हीच दुरुस्त केला होतात!" माई ड्रायव्हरच्या सीटवरून म्हणाल्या.

पोस्टातून निवृत्त झालेले अण्णा गाडीखाली आडवे पडून क्लचचं काळं तेल बदलत होते. 'दाब' म्हटलं की माईंनी पेडल दाबायचं; अण्णा स्क्रू उघडून तेल काढणार, स्क्रू घट्ट करून 'सोड' म्हणणार. चार वाजता माईंना बहिणीकडे जायचं होतं.

"अगं, तो विषय सोड!"

माईंनी पेडल सोडलं. उघड्या स्क्रूतून हवा आत शिरली. सकाळपासूनची मेहनत वाया गेली.

"तीस वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलंस, तेही आत्ताच?"

माई उतरल्या आणि दारातून घरभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी बसने जातेय. चार दिवस तिकडेच राहणार."