एका डिस्कमध्ये बसवलेलं लग्न

लेक सासरी गेली त्या आठवड्यात मी नंदुरबारच्या घरातला माळा दोनदा साफ केला. शाळेला सुट्टी लागलेली, नवरा दिवसभर कामावर. एका जागी बसवत नव्हतं. त्यात कळसाडीहून वडिलांचा फोन आला. खुब्याचं हाड मोडल्यामुळे आप्पांना नातीच्या लग्नाला येता आलं नव्हतं.

"लगननी शूटिंग कवय दखाडशी?" कधी दाखवतेस, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

फोटोग्राफरने पेनड्राइव्ह दिला होता, त्यात साडेपाच तासांचा व्हिडिओ. पण आप्पांच्या जुन्या टीव्हीला पेनड्राइव्ह लागत नाही. मोबाइलवर त्यांना दिसत नाही. त्यांच्याकडे आहे तो डीव्हीडी प्लेअर, आणि तोही खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आप्पा खाटेवरून उठू शकत नव्हते आणि माय त्या यंत्राला हात लावायची नाही. म्हणजे डिस्क एकच हवी, एकदा लावली की झालं.

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी डिस्क बनवायला शिकले होते. बिटरेट म्हणजे चित्राच्या दर सेकंदाला किती जागा द्यायची तो आकडा, एवढं मला कळत होतं. साडेपाच तास एका डिस्कमध्ये कोंबायचे तर आकडा सतराशेच्या आसपास येत होता. मी तोच टाकला. लॅपटॉप अख्खी दुपार घुं घुं करत राहिला आणि मी दर दहा मिनिटांनी जाऊन किती टक्के झालं ते बघत राहिले.

डिस्क लावली तर मंडपात बसलेली माणसं ठीक दिसत होती. हळदीत बायका नाचायला लागल्या आणि चित्राचे चौकोन झाले. लेकीचा चेहरा पिवळ्या ठिपक्यांत फुटला.

मग मी चिडून दुसऱ्या टोकाला गेले. फक्त हळद घेतली आणि आकडा नऊ हजार ठेवला. आमच्या घरातला प्लेअर जुनाच. तो अडखळला, थांबला, पुन्हा अडखळला. शिवाय फोटोग्राफरने जे आधीच दाबून बारीक करून दिलं होतं, ते नऊ हजार दिल्याने परत येणार नव्हतंच. मग आकडा पाच हजारांवर आणून पाहिला, तर चित्र नऊ हजारांइतकंच चांगलं दिसलं आणि प्लेअरही अडखळला नाही.

पाच हजारांत एका डिस्कवर पावणेदोन तास मावतात. म्हणून मी कात्री चालवली. पंगती काढल्या, आहेर काढले, नुसते बसलेले पाहुणे काढले. दोन दिवस मी लेकीचं लग्न पाहत होते, पण माझी नजर तिच्या कपाळाशी चौकोन पडतात का यावर होती. तिच्याकडे मी पाहिलंच नाही.

कळसाडीला जाऊन डिस्क लावली. आप्पा उशीला टेकून एकटक बघत होते. मी पाणी आणलं, पडदा सारला, अंगणात जाऊन आले. संपल्यावर त्यांनी विचारलं, "मन्ही बहीण कोठे शे?"

माझी फुई, म्हणजे आत्या, खांडबाऱ्याला राहते. लग्नाला ती रेल्वेने आली आणि त्याच दिवशी परतली. कळसाडीपर्यंत यायचं तिच्या अंगात बळ नव्हतं. भावाबहिणीची तीन-चार वर्षांत गाठ नाही.

"तूच सांगं व्हतं ना, उनी व्हती म्हनीसन?"

"आली होती, आप्पा. मीच कापलं ते. जागा नव्हती."

आप्पांनी रिमोट बाजूला ठेवला. मला तिथं उभं राहवेना.

घरी येऊन मी काहीही न कापता सगळं पाच हजारांवर टाकलं. तीन डिस्का झाल्या, वर थोडा भाग उरला तो चौथीवर. पुढच्या रविवारी त्या घेऊन गेले आणि मायला हात धरून प्लेअरजवळ उभं केलं. हे बटण दाबायचं, ताटली बाहेर येते, चमकती बाजू खाली. माय पहिल्यांदा दचकली, दुसऱ्यांदा हसली.

फुई दुसऱ्या डिस्कमध्ये निघाली. हिरव्या लुगड्यात, खुर्चीच्या कडेला बसलेली, शेजारणीला काहीतरी सांगत होती. आप्पांनी चित्र थांबवलं. तिच्या हाताच्या शिरासुद्धा दिसत होत्या.

"काय बोली ऱ्हायनी ती?"

ते कळायला मार्ग नव्हता. फोटोग्राफरने वरून गाणं टाकलेलं. आप्पांनी मला खांडबाऱ्याला फोन लावायला सांगितला. फुईला काही आठवेना. "पंखा लावा सांगं व्हतं मी, दुसरं काय!" ती म्हणाली, आणि दोघं म्हातारी बराच वेळ एकमेकांच्या गुडघ्यांबद्दल बोलत बसली.

मी अजून आत-बाहेर करत होते. फोन ठेवून आप्पा म्हणाले, "बस ना. काय फिरी ऱ्हायनी?"

मायने तिसरी डिस्क लावली. मी खाटेच्या पायथ्याशी बसले आणि शेवटी लेकीकडे पाहिलं. मंगलाष्टकं चालू असताना ती हार हातात धरून कुणाला तरी शोधत होती. त्या वेळी मी मागे पाहुण्यांच्या चहाचं बघत होते. शहाद्यावरून नंदुरबारला परतायची संध्याकाळची गाडी मी जाऊ दिली.