वैनगंगेसाठी वामाची पिल्लं

निवृत्त मास्तरनं पुस्तकं वाचू नयेत. वाचलीच तर शेजारच्या मासेमार ढिवराला सांगू नयेत. वैनगंगेतला वाम, तो सापासारखा लांब मासा, आपल्या नदीत जन्मत नाही. पिल्लं समुद्रात होतात आणि आपलं पाणी पुढं जिला मिळतं त्या गोदावरीच्या मुखातून चढत इथवर येतात, एवढं मी बोलून बसलो. शेजारचे भाऊ सत्तरीचे. त्यांच्या घाटावर कित्येक वर्षांत वाम लागला नव्हता. जाळं टाकणारे हात थकायच्या आत तो नदीत परत आलेला त्यांना पाहायचा होता.

"मंग आपनच जाऊन पिल्लं आनू," ते म्हणाले.

समुद्र मी फळ्यावर निळ्या खडूनं काढला होता, तेवढीच ओळख. तरी हो म्हणालो.

सिरोंच्यावरून बस, मग रेल्वे, पुन्हा बस असं करत गोदावरीच्या मुखाशी पोचलो. मच्छरदाणीच्या कापडाची लांब पिशवी मी घरूनच शिवून नेली होती. तोंड वरच्या अंगाला करून ती खुंटांना बांधली, आपल्याकडे बांधतात तशी. पिल्लं तर खालून येणार ना, असं भाऊंनी हळूच विचारलं. मी त्यांना समजावलं की पाणी वरून येतं, म्हणून तोंड वर. जन्मभर जाळं टाकलेल्या माणसाला!

सकाळी पाहतो तर नदी उलटी वाहत होती. भरती ती हीच. पिशवीत नुसता चिखल. तिच्या बंद टोकाला मात्र बाहेरून चार पिल्लं चिकटलेली, काचेच्या दोऱ्यासारखी. काळे डोळे तेवढे दिसत.

ती डब्यात घेतली, पिशवी फिरवली आणि आणखी तीन दिवस बसलो. काही नाही. तिथला एक मासेमार हिंदीत म्हणाला, आधी या दिवसांत पुष्कळ यायची. यंदा पाऊस लांबला, धरणांची दारं बंद, मुखाशी वाळू चढली. वरून गोडं पाणी उतरलं नाही तर इथं नदी आहे हे पिल्लांना कळणार कसं?

भाऊ डब्यात पाहत राहिले. "हेच चार नेले तं?"

नेता येतील, मी म्हणालो. पण मोठे झाल्यावर अंडी घालायला त्यांना समुद्रातच उतरावं लागेल, आणि वाटेत तीच दारं.

"म्हनजे आपून त्यायले कोंडूनच ठेवनार."

त्यांनी डबा पाण्यात कलता केला. ओहोटी लागली होती. पिल्लं समुद्राकडेच गेली.

"मास्तर, वरचं पानी कवा सोडून राह्यले?"

मी खाली बसून पिशवीच्या गाठी सोडत राहिलो.