दोन नकाशांमधले व्याही

१९८७ साली मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो, शाळेतून चौथीत उठलेला. त्या साली मला एक गोष्ट कळली, ती आजतागायत खोटी ठरलेली नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत, मधल्या खाड्या आणि डोंगर धरून, आमच्या व्याह्यांइतका अडेल माणूस झालेला नाही आणि होणारही नाही. मी स्वतः नरम आहे असं कुणी समजू नये. आमच्या कोपरीत माझ्याशी वाद घालायचा असेल तर लोक आधी घरून जेवून येतात. पण व्याह्यांपुढे मी म्हणजे चहात बुडवलेलं बटर. माझी सुमन त्यांच्या घरात सून म्हणून गेली म्हणून हा माणूस माझ्या वाट्याला आला. एरवी अशा माणसाच्या वाऱ्याला मी उभा राहिलो नसतो, आणि केवढ्याला मुकलो असतो.

आम्हा दोघांचा धंदा तसा एकच. मी ठाण्याकडच्या एका कचेरीत चेनमन होतो. चेनमन म्हणजे जमीन मोजताना शंभर कड्यांची साखळी ओढणारा. साहेब छत्रीखाली उभा राहून वहीत लिहितो, काट्यात आणि चिखलात उतरतो तो चेनमन. व्याही डोंबिवलीकडच्या कचेरीत नकाशे काढायचे. कचेऱ्यांची नावं मी सांगणार नाही, तिथे आता नवी माणसं आहेत आणि त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही. व्याही बोलायचे अगदी पुस्तकातलं, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं, आणि डोक्यात चोवीस तास होकायंत्र. सुमनला बघायला आले तेव्हा मुलीकडे बघायच्या आधी त्यांनी आमची खोली पावलांनी मोजली आणि माझ्या बायकोला सांगितलं, की वहिनी, तुमची ही भिंत त्या भिंतीपेक्षा तीन इंच आखूड आहे. आमची ही बिचारी इतकी ओशाळली, की जणू तिनेच रात्रीतून तीन इंच कापून नेले होते. जेवायला बसले की त्यांना डावं-उजवं चालत नसे. भाजी वायव्येला वाढा म्हणायचे, आणि मीठ ईशान्येला नसेल तर पहिला घास घ्यायचे नाहीत. लग्नात तर मुहूर्ताला चार मिनिटं उरली असताना त्यांनी खिशातून होकायंत्र काढलं आणि नवरानवरीचे पाट सरळ पूर्व-पश्चिम नाहीत म्हणून भटजींना थांबवलं. पाट फिरवले, मग अंतरपाट फिरवला, मग अंतरपाट धरणारे फिरले, आणि शेवटी अक्षता घेतलेला सगळा मांडव थोडा थोडा सरकला. माझा एक साडू अजून म्हणतो, की त्या लग्नाला तो बसला होता एका खुर्चीवर आणि उठला दुसरीवरून.

त्यातून ते मुलाकडचे. मुलाकडच्यांनी आधी पाऊल उचलायचं नाही हा नियम लोक लग्नाच्या दिवसापुरता पाळतात, व्याह्यांनी तो वर्षानुवर्षं पाळला. दिवाळीला आधी मी जायचं, संक्रांतीला आधी मी, कुणी आजारी पडलं तरी आधी मीच. एकदा कोपरीत कामाला आले होते, तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी अर्धा तास उन्हात उभे राहिले. मी कुणाकडून तरी ऐकून धावत गेलो आणि चला म्हटलं, तेव्हा म्हणाले, बोलावताय म्हणून येतो. मला राग यायचा. पण आमच्या दोन कचेऱ्या त्यांच्याही वरताण होत्या, हे मला नंतर कळलं.

व्याह्यांचं घर शीळफाट्याहून डोंबिवलीकडे जाताना एक नाला लागतो त्याच्या वळणात होतं. चाळीसेक घरांची वाडी. शांत जागा बघून त्यांनी तिथे दोन खोल्या बांधल्या आणि बांधून झाल्यावर आपल्याच कचेरीच्या नकाशात घर शोधायला बसले. सापडेना. भिंग लावलं तरी सापडेना. घर नव्हतं, शेजार नव्हता, अख्खी वाडीच नव्हती. झालं होतं ते असं. दोन्ही कचेऱ्यांची हद्द म्हणजे तो नाला. आमच्या कचेरीचा नकाशा जुना, तो नाल्यापर्यंत येऊन थांबला होता. मग एका पावसाळ्यात नाल्याने वाट बदलली आणि तो डोंबिवलीच्या अंगाला सरकला. त्यांच्या कचेरीचा नकाशा त्यानंतरचा, तो नव्या नाल्यापाशी थांबला. जुना नाला आणि नवा नाला यांच्यामध्ये चाळीस घरं उभी, आणि ती दोन्ही नकाशांत नाहीत. आमची कचेरी म्हणायची, नाल्यापलीकडचं त्यांचं. त्यांची म्हणायची, नाल्यापलीकडचं ह्यांचं. नकाशात घर नाही म्हणून पाण्याची लाइन नाही, आणि लाइन नाही म्हणून माझी सुमन डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन दिवसातून चार वेळा नाला ओलांडायची. माहेरी तिने बादली उचललेली मला आठवत नाही.

दोन नकाशे एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण ठेवणार कोण? आमच्या साहेबांचं म्हणणं, आधी त्यांनी मागणीपत्र पाठवावं. त्यांच्या साहेबांचं म्हणणं, आधी ह्यांनी. नकाशे कुलपात, किल्ली साहेबांच्या खिशात, जसा काही शत्रूच नाल्यापलीकडे तळ देऊन बसला होता. मी चिडून व्याह्यांना म्हटलं, की पेन्सिल तुमच्या हातात आहे, नकाशात आखून टाका ना वाडी, कोण बघतंय. त्यावर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी निरोप आला, रविवारी साखळी घेऊन या.

मग थंडीतले सहा रविवार आम्ही ती वाडी मोजली. कुणाचा हुकूम नाही, परवानगी नाही. साखळी कचेरीची होती, ती मी शनिवारी संध्याकाळी खांद्यावर टाकून घरी आणायचो आणि सोमवारी ठेवून द्यायचो. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, कुणी विचारलं नाही. व्याही लिहायचे, मी ओढायचो, आणि दोघं मिळून भांडायचो. साखळी ताणलेली आहे म्हणून मी सांगायचो, मधे एक कडी लोंबतेय म्हणून ते सांगायचे, आणि वाडीतल्या बाया दारात उभ्या राहून आमची मजा बघायच्या. एका रविवारी आम्ही मोजत मोजत त्यांच्याच घरापाशी आलो. सुमन चहा घेऊन उभी. मी खाली वाकून साखळी टेकवणार, तेवढ्यात व्याही म्हणाले, "उचला. पुढच्या घराला चला."

मला वाटलं, चुकून म्हणाले. पण ते खरंच पुढे चालू लागले. मी विचारलं तेव्हा वळले आणि म्हणाले, "स्वतःच्या हाताने स्वतःचं घर नकाशात घालणारा माणूस उद्या दुसऱ्याचं खोडून टाकील. ते मला जमणार नाही."

"तिथे तुम्ही एकटे राहत नाही," मी म्हटलं. "माझी मुलगी राहते."

"आमचीही सून आहे," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहू लागले.

म्हणजे लाइन आलीच तर सुमनच्या दारावरून पुढे जाणार आणि ती हंडा घेऊन शेजारणीच्या नळावर उभी राहणार. त्यानंतरचे दोन रविवार मी त्यांच्याशी तोंडाने बोललो नाही. सुमनला सांगायचो, तुझ्या सासऱ्यांना सांग, त्रेसष्ट कड्या. ती सांगायची. ते म्हणायचे, तुझ्या वडिलांना सांग, पुन्हा बघा. बासष्ट निघायच्या. त्याचा राग वेगळा.

पुढे चार-पाच वर्षं तो कागद व्याह्यांच्या ट्रंकेत पडून राहिला. दोन्ही कचेऱ्यांत अर्ज केले, अर्जाला उत्तर नाही. मग ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला वरच्या एका मोठ्या साहेबाला वाटलं, की ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळ्या कचेऱ्यांनी आपापले नकाशे एकत्र जोडावेत, म्हणजे एकाचा रस्ता दुसऱ्याच्या रस्त्याला मिळेल आणि एकाचं गटार दुसऱ्याच्या अंगणात उघडणार नाही. शीळफाट्याजवळच्या एका सरकारी बंगल्यात बैठक बोलावली. कुणी कुणाच्या दारात जायला तयार नव्हतं, म्हणून मधली जागा. आमच्या साहेबांची गुंडाळी उचलून न्यायला मी होतो, त्यांच्या साहेबांची गुंडाळी घेऊन व्याही आले होते. सकाळी अकराला बसले ते दोन वाजेपर्यंत बसलेलेच. तीनदा चहा झाला. दोन्ही गुंडाळ्या टेबलावर, दोन्हींना लाल फीत बांधलेली, आणि दोन्ही साहेब एकमेकांना म्हणतायत, आधी तुमचा उघडा. मोठा साहेब कंटाळून फोनवर गेला.

तेव्हा व्याही उठले. सहा महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्यांनी आपल्या साहेबांकडे न बघता फीत सोडली, नकाशा टेबलभर पसरला, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "व्याही, आम्ही आधी पसरला. आता तुमचा आणा."

एवढ्या वर्षांत या माणसाने पहिल्यांदा आधी हात पुढे केला होता. आमचे साहेब, खबरदार, म्हणाले. मी ते ऐकलं आणि फीत सोडली. आयुष्यभर दुसऱ्यांनी मांडलेल्या रेषांवरून साखळी ओढली होती, एकदा तरी मी काही मांडावं असं मला वाटलं तर ते चूक नव्हतं आणि आजही नाही. दोन्ही नकाशे एकाच मापाचे होते, तेवढं एक बरं. कडा समोरासमोर मांडल्या, चिकटवल्या नाहीत. आमचा नाला एकीकडे, त्यांचा दुसरीकडे, आणि मधे चार बोटं कोरं टेबल. व्याह्यांनी पिशवीतून सहा रविवारचा कागद काढला आणि त्या चार बोटांत ठेवला. अलीकडची रेघ आमच्या जुन्या नाल्याला जाऊन मिळाली, पलीकडची त्यांच्या नव्या नाल्याला. कुठे केसभर फट नाही.

मोठा साहेब फोन ठेवून आला. हे कुणी मोजलं, कुणाच्या हुकमाने, असं त्याने विचारलं. आम्ही दोघांनी, हुकूम नाही, असं व्याह्यांनी सांगितलं. साहेब बराच वेळ वाकून बघत होता. मग त्याने मधल्या एका कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि इथे काय आहे म्हणून विचारलं. व्याही काही बोलेनात. खोटं त्यांना बोलता येत नव्हतं, आणि खरं बोलायचं नव्हतं.

टेबलावर आमच्या साहेबांचं शाईचं पेन उघडं पडलं होतं. चेनमनने नकाशाला हात लावायचा नसतो, एवढं मला चांगलं ठाऊक होतं. मी पेन उचललं आणि त्या कोऱ्या जागेत एक चौकोन काढला. शाईने.

"तिथे घर आहे," मी म्हटलं. "माझी मुलगी राहते. खोडायचं तर आधी तिकडे जाऊन तिला सांगून या."

व्याही चष्मा पुसत पुढे आले, वाकून बघितलं आणि हळूच म्हणाले, "रेघ वाकडी आहे."

"असू दे," मी म्हटलं.

त्यांनी असू दिली.

आम्हा दोघांना मेमो मिळाले. मी त्यावर माझी सगळ्यात चांगली सही केली आणि आणखी एक प्रत मागितली, दिली नाही. मात्र मोठ्या साहेबाने दोन्ही कचेऱ्यांना कडेच्या पट्ट्यांच्या नकला एकमेकांना द्यायला लावल्या, आणि दोन वर्षांनी वाडीत पाण्याची लाइन आली. सुमनच्या दारातही. व्याही त्या नळाखाली हात धरून उभे राहिले आणि पाणी नैर्ऋत्येकडून येतंय म्हणाले. आता व्याही नाहीत. शेवटच्या दुखण्यात मी रोज जायचो, आधी मीच, आणि तेव्हा मला त्याचा राग येत नसे. त्यांच्यासारखं भांडायला आता कुणी उरलेलं नाही, कोपरीत लोक मला आजोबा म्हणून हो ला हो करतात.

पण त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत गेलो नाही. आदल्या संध्याकाळी कचेरीतून आणलेली साखळी खांद्यावर टाकली आणि पहिल्या बसने वाडीवर गेलो. व्याही आत पूजेला बसले होते. सुमनच्या हातात साखळीचं एक टोक दिलं. ती म्हणाली, बाबा, आता कशाला मोजता, काल काढून झालं ना. मी म्हटलं, घट्ट धर. समोरून मोजलं, मग बाजूने मोजलं. मी काढलं होतं त्यापेक्षा घर बरंच लहान निघालं. व्याह्यांनी खिडकीतून विचारलं, किती भरलं? मी साखळी गोळा केली आणि बरोबर आहे म्हणून सांगितलं.