शनिवारची पिवळी बाटली

केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये नोकरी केली की किस्से जमवावे लागत नाहीत. ॲप्रनवरच्या डागांसारखे ते आपोआप पडत जातात. आमच्या पुण्यातल्या कॉलेजातले निम्मे किस्से तर एकाच बाटलीतले. पिक्रिक ॲसिडच्या!

हा पिवळाधमक पदार्थ पाण्यात भिजलेला असला की गरीब गाय. वाळला की मात्र नुसत्या धक्क्यानंही स्फोट! म्हणून स्टोअर सांभाळणाऱ्या तांबोळी मॅडम दर शनिवारी बाटलीत पाणी घालायच्या.

नवे प्राचार्य म्हणाले, "पाणी घालायला हे काय झाड आहे? नाही घातलं तर काय होईल?"

"काही नाही सर. नवीन बिल्डिंग बांधावी लागेल."

त्यानंतर प्राचार्य स्टोअरकडे फिरकले नाहीत.

*

या ॲसिडचा रंग हाताला लागला की दिवसचे दिवस जात नाही. नारायण पेठेतल्या एक काकू मॅडमची बोटं बघून म्हणाल्या, "हळद लागली वाटतं? आमंत्रण नाही ते!"

"अहो काकू, नवरा मिळाला की पहिलं तुम्हालाच!"

नवरा कोण व्हावा, हे अख्ख्या स्टाफरूमला ठाऊक होतं. फक्त त्या माणसानं तोंड उघडायला हवं होतं!

*

तो माणूस म्हणजे आमचे इनामदार सर. 'बाटलीला एकट्यानं हात लावायचा नाही' हा नियम त्यांचाच. दुसरा माणूस म्हणून नावही स्वतःचंच घातलेलं! दर शनिवारी यायचे, विचारायचे, "पाणी पुरेसं आहे का?" मॅडम म्हणायच्या, "आहे." झालं बोलणं! कित्येक वर्षं!

शेवटी मीच वैतागले. "अहो सर, निदान चहाला तरी विचारा!"

सर गंभीरपणे म्हणाले, "बूच घाईनं फिरवू नये, मॅडम. घर्षणाचा धोका असतो."

कपाळावर हात मारून घेतला मी.

*

मग एका मे महिन्यात कॉलेज रंगकामासाठी बंद राहिलं. उघडलं तेव्हा बुचाभोवती पिवळे कण वाळून बसलेले. मॅडमनी बाटलीला हात न लावता पोलिसांना फोन केला. बॉम्बवाले आले, आम्हाला मैदानात पिटाळलं, बाटली अलगद उचलून गाडीतून घेऊन गेले. पोरांनी टाळ्या पिटल्या.

इनामदार सरांचा चेहरा मात्र पडलेला. मला फार वाईट वाटलं हो!

"आता शनिवारी..." सर म्हणाले आणि अडकले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे.

मॅडम म्हणाल्या, "घरी मोगरा आहे. त्यालाही एकट्यानं हात लावू नये म्हणतात."

सरांनी घाम पुसला. "पाणी... पुरेसं आहे का?"

"ते येऊन बघा. अम्मीला सांगून ठेवलंय."