न्हाणीघराची कडी

आईला कर्वेनगरच्या वृद्धनिवासात ठेवलं, तेव्हा प्रवेशाच्या अर्जात 'विशेष सूचना' असा एक रकाना होता. घरात मला कुणी सूचना करू देत नाही, त्यामुळे तो रिकामा सोडणं जिवावर आलं. मी लिहिलं, 'आई घरी एकदा न्हाणीघरात घसरली आहे. खोलीतल्या न्हाणीघराची आतली कडी काढून टाकावी.' खाली झोकदार सही ठोकली. आईला विचारलं नाही. ती शेजारच्याच खुर्चीवर बसली होती.

तिसऱ्या आठवड्यात तिथल्या मावशींचा फोन. "दादा, आजी आंघोळीला नाहीच म्हणतात. चार दिवस झाले."

मी समजूत घालायला गेलो. समजूत घालण्यात माझा हातखंडा आहे, असं माझं मत आहे. एकट्याचंच.

"दाराला कडी नाही," आई म्हणाली.

"अगं, तुझ्याच काळजीपोटी काढली."

"मग तुझ्या घरची पण काढ. तुझं बीपी माझ्याहून जास्त आहे."

"आत काही झालं तर कळणार कसं?"

"आणि काही न होता कुणी आत आलं तर? फरशी पुसणारा येतो, पेपरवाला येतो. जन्मभर दार लावून आंघोळ केली. आता प्रदर्शन मांडू?"

माझा हातखंडा तिथेच संपला. तोडगा काढला मावशींनी.

"आजी, बसवू या कडी. पण आत बोलत राहायचं. आवाज येतोय म्हणजे तुम्ही बऱ्या आहात. मी बाहेर खुर्ची टाकून बसते."

"भिंतीशी काय बोलू?" आई म्हणाली. मग जरा थांबून, "पाढे म्हणते."

ते तिलाच सुचायचं. आई बुधवार पेठेतल्या एका शाळेत गणित शिकवायची. सकाळी आमचे पाढे ऐकायला तिला वेगळा वेळ नसे. ती आत आंघोळ करी आणि आम्ही भावंडं बाहेर दाराला टेकून पाढे म्हणत असू. चुकलं की पाण्याच्या आवाजावर तिचा आवाज चढायचा, "परत!" एकोणतीसच्या पाढ्याला तर मी इतक्यांदा अडकायचो, की माझ्यामुळे तिची आंघोळ लांबायची.

कडी बसली. आई रोज आंघोळ करू लागली. भांग नीट, पदर नीट, जिभेला पुन्हा धार. शेजारच्या खोलीतले आजोबा म्हणे तिच्या पाढ्यांवर घड्याळ लावत. तेविसाचा आला की नाश्त्याला निघत.

मग तो रविवार. मी गेलो तेव्हा ती आत होती, अठ्ठाविसावर. मावशींना पलीकडच्या खोलीतून हाक आली. "दादा, बसता का पाच मिनिटं? आवाज थांबला तर आधी हाक मारा हं. घाई नको."

मी खुर्चीवर बसलो. पन्नाशी उलटून गेली तरी त्या दाराबाहेर पाठ आपोआप ताठ झाली.

"एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक..."

आणि शांतता.

हाक मारायची होती. एवढंच काम होतं. मी खांदाच लावला. आमच्या घरात साधा पलंग सरकवायला मी दोन माणसं बोलावतो; त्या दिवशी कडी स्क्रूंसकट उखडली.

आई पडली नव्हती. स्टुलावर बसली होती, तांब्या हातात धरून, कपाळाला आठ्या घालून आठवत होती. मी आणखी काय पाहिलं ते लिहिणार नाही. तिने टॉवेल ओढून घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आठवत होते रे," ती म्हणाली. "सापडलंच असतं."

मी दार लोटून घेतलं. ते आता नीट लागत नव्हतं.

संध्याकाळी मी नवी कडी, स्क्रू, सगळं घेऊन हजर. घरी याच उत्साहाबद्दल माझी टिंगल होते. आईने कडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "राहू दे. उघडंच राहू दे आता. कुणाला हवं त्याने यावं."

"आई, चुकलं माझं."

"चुकायचं काय त्यात? तुझंच बरोबर होतं."

एवढ्या आयुष्यात तिने मला असं पहिल्यांदाच म्हटलं होतं.

मावशींनी तिला न विचारताच, म्हणजे माझ्याच वळणावर जाऊन, दुसऱ्या दिवशी कडी बसवून घेतली. आई ती लावत नाही. पाढेही म्हणत नाही.

परवाच्या रविवारी मी पुन्हा बाहेर खुर्ची टाकली. दार वीतभर उघडं, आतून पाण्याचा आवाज. मी भिंतीकडे तोंड करून मोठ्याने सुरू केलं. "एकोणतीस एके एकोणतीस. दुणे अठ्ठावन्न. त्रिक सत्त्याऐंशी." आणि मुद्दाम, ठासून चुकीचं म्हटलं, "एकोणतीस चोक एकशे अठरा."

तांब्या थांबला. मी वाट पाहिली. ती 'परत' म्हणेपर्यंत हलायचं नाही, असं ठरवून बसलो होतो.

"हो, बरोबर," आई आतून म्हणाली, आणि पाणी पुन्हा सुरू झालं.