घडवंचीखालची बाटली

नातीने तापीचं पाणी काचेच्या बाटलीत भरून घडवंचीखाली ठेवलं होतं, माठाच्या गारव्याला. कॉलेजात ती जंतूंचा अभ्यास करायची. पाण्यावर पातळ साय धरायला काही आठवडे लागतात. त्या सायीतले जंतू तिला हवे होते.

मी चौथी शिकलेली. तिने सांगितलं ते मला कळलं ते असं. हा जंतू देठाने चिकटून राहतो, वाढतो आणि एकाचे दोन होतात. एक देठावरच राहतो, दुसरा शेपटी हलवत निघून जातो. शेपटीवाल्याला लगेच दोन होता येत नाही. आधी कुठेतरी टेकायचं, शेपटी टाकायची, देठ वाढवायचा, मगच. सगळी कामं त्याच्या अंगात पहिल्यापासून असतात, पण ज्याची वेळ आली तेवढंच सुरू होतं. झालं की बंद.

"मंग बरं शे त्यासनं," मी म्हटलं. "आपला घरमा समदं एकदम."

ती हसली. कॉलेजात नेऊन यंत्रातून दाखवीन म्हणाली. हे काम जमलं तर पुण्याला पुढे शिकायचं, नाही तर उन्हाळ्यात लग्न, असं तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, ठरवलं होतं.

मग ग्रहण आलं. सकाळी सुनेने रीतीप्रमाणे साठवणीचं सगळं पाणी ओतून दिलं. दूध, तूप, लोणचं वाचलं. त्यांत आदल्या दिवशीच तुळशीचं पान टाकलेलं होतं.

"माय, मन्ही बाटली कोठे शे?" नातीने आईला विचारलं.

"गऱ्हान सुटनं, पाणी फेकी दिधं. देख, घासीसन ठेयेल शे."

नातीने रिकामी बाटली उजेडाला धरून पाहिली. मी म्हटलं, तिच्यातही एक पान टाकलं असतं तर राहिली असती. ती म्हणाली, पानाने तरी बिघडलीच असती.

नवी बाटली तिने त्याच दिवशी भरली. मी मुलाला म्हटलं, एक वरीस दे.

"स्थळ काय थांबस का, माय?"

साय धरली तेव्हा पोरीला हळद लागली होती. आता ती सुरतेकडे असते. यंत्रातून मी काही पाहिलं नाही.

बाटली तिथेच आहे, मी घासू देत नाही. सून हल्ली ग्रहणाला तिच्यातही आठवणीने पान टाकते. टाकू दे. बघणारी गेली.