घोंगडीचा पट्टा

मल्हारी गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीत, वसतिगृहाच्या खोलीत, त्यानेच केलेला एका लग्नाचा व्हिडिओ बघत होतो. त्यात चूक शोधत होतो, असं म्हटलं तर जास्त खरं होईल. सापडली नव्हती. लगीनसराईत त्याचे डोळे पिवळे पडले होते. 'एवढी लग्नाची तीथ होऊ दे, मग डॉक्टरला दाखवतो' म्हणत त्याने कावीळ अंगावर काढली...

राणीसावरगावात आम्ही एका वर्गात होतो. त्याच्या घरी मेंढ्या, आमच्याकडे थोडी कोरडवाहू जमीन. शूटिंगचं वेड आधी मला लागलं. स्नेहसंमेलनात त्याने पहिल्यांदा काही टिपलं, तेही माझ्याच मोबाईलवर. पुढे घरातला पहिला शिकणारा म्हणून मला कॉलेजात पाठवलं. तो बारावीला अडकला आणि गंगाखेडच्या एका स्टुडिओत लाईट धरायला लागला. माझी पदवी व्हायच्या आत त्याच्या स्वतःच्या स्टुडिओची पाटी लागली. वडील जेवताना म्हणायचे, "मल्हारी मेंढरामागून उठून मालक झाला. तू आजून वाचायलाच हायेस." ते सहज बोलायचे. मी मात्र ताट अर्धं टाकून उठायचो.

त्याची एक रीत होती. लग्नाच्या आदल्या दिवशी तो नवरीच्या घरी जाऊन विचारायचा, "मांडवात कुणाला येणं होत न्हाई?" अंथरुणाला खिळलेलं कुणी असलं की आधी त्यांच्यापाशी बसायचा. कॅमेरा मांडीवर. इकडं बघा, हसा, असलं काही नाही. मेंढरांच्या, पिकापाण्याच्या गप्पा... आणि बोलता बोलता ते माणूस नवरीला आशीर्वाद देऊन जायचं. तेवढ्यासाठी पार मानवतचे लोक त्याला बोलवायचे. एकदा मीही सोबत गेलो. उशी नीट केली, खिडकी उघडली, अंथरुणावरच्या आजींचा पदर सारखा केला. बाहेर आल्यावर तो हसत म्हणाला, "उजेडाचं तुला माझ्याहून लय कळतंय गड्या, पर तू माणसाला फोटोवानी बसवतोस." पुढे कितीतरी दिवस मला ते वाक्य आठवून राग यायचा.

तो गेल्यावर त्याच्या वडिलांनी, बिरूमामांनी, मला बोलावलं. वालूरच्या एका लग्नाचं काम त्याने घेऊन ठेवलं होतं. "शब्द देऊन गेलाय त्यो. तू करशील का, बाबा?" त्यांनी कॅमेरा पुढे केला. त्याला घोंगडी कापून शिवलेला पट्टा होता, मामांच्याच हातचा. मी तो गळ्यात घातला, आणि दुःखाच्या आधी मला आनंद झाला.

वालूरला नवरीचे आजोबा खाटेवर होते. मी मल्हारीसारखाच बसलो, कॅमेरा मांडीवर ठेवून. उशीला हात लावला नाही. पिकाचं विचारलं. ते पट्ट्याकडे बघत राहिले. थोरल्या नातीच्या लग्नात मल्हारीच त्यांच्यापाशी बसला होता.

"ह्यो त्या धनगराच्या पोराचा पट्टा. त्यो कुठं हाय?"

"येतोय मागून," मी म्हणालो.

"मग बोलतो," म्हणत ते सावरून बसले आणि नातीला भरभरून आशीर्वाद दिला. मी आजवर टिपलेलं सगळ्यात चांगलं दृश्य ते. त्यात आजोबा माझ्याकडे एकदाही बघत नाहीत. ते दाराकडे बघतायत.

मामांनी कॅमेरा माझ्याकडेच राहू दिलाय. घोंगडी मानेला टोचते. दुसरा पट्टा आणून ठेवलाय, पण लावला नाही. परवा लग्नाच्या कामाला मानवतला जायचंय, आणि तिथल्या घरातल्या लोकांनी हा पट्टा ओळखावा, असं मला वाटतं.